नंदगडच्या इतिहास-पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२४

गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने बेळगाव जिल्ह्यातल्या, खानापूर तालुक्यातल्या आमच्या नंदगडचा इतिहास सांगणारी साठ-सत्तर पानांची पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे सोपवले असून, आज पहिली बैठक झाली. मी निवृत्त शिक्षक. सोबतीला पदवीच्या वर्गातला एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी आहे. दोघेही मराठी माध्यमातून शिकलेले असले तरी कन्नड सफाईने वाचतात, आणि मला मोडी येते, त्यामुळे तिघांत मिळून या तालुक्यातला बहुतेक कागद वाचता येईल असे वाटते. मंडळाने चार प्रकरणांचा आराखडा दिला आहे: हलसीचे कदंब, संगोळ्ळी रायण्णा, सीमाप्रश्न आणि आजचे नंदगड. आराखडा वाईट नाही, पण त्यात गाव कुठे आहे ते मला दिसले नाही. राजे, क्रांतिकारक आणि आयोग यांच्यामध्ये इथली माणसे काय करून पोट भरत होती, याला एकही ओळ दिलेली नाही.

एक नियम ठरवला. ज्याला कागदाचा आधार नाही किंवा निदान दोन वेगळ्या घरांतून जे ऐकलेले नाही, ते पुस्तिकेत ‘असे सांगतात’ या शब्दांशिवाय छापायचे नाही.

१६ जून

रायण्णांच्या समाधीस्थळी गेलो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या पराभवानंतर इंग्रजांविरुद्ध लढा चालू ठेवणाऱ्या रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी देण्यात आले, हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. समाधीपाशी नवस बोलून पाळणे बांधण्याची प्रथा आहे आणि धारवाड-हुबळीकडूनही माणसे येतात. मराठी आणि कन्नड बोलणारे दोन्ही घरचे लोक तिथे सारख्याच श्रद्धेने उभे असतात. तिथे कुणी कुणाला भाषा विचारत नाही.

परत येताना विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. रायण्णा संगोळ्ळीचे, छावणी बेळगावला, मग फाशी नंदगडला का? माझ्याजवळ तर्क आहे, पुरावा नाही. लोकांना जरब बसावी म्हणून दिलेली शिक्षा जिथे चारी दिशांची माणसे येतात तिथेच देतात, आणि त्या काळी या भागातली माणसे बाजारासाठी नंदगडला येत असावीत. ही ओळ वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवली.

३० जून

हलसीचे प्रकरण विद्यार्थ्याने लिहायला घेतले आहे. ताम्रपटांतली पलाशिका म्हणजे आजची हलसी. तिथे सापडलेले आद्य कदंबांचे ताम्रपट पाचव्या शतकापासूनचे असून त्यांत जैन धर्मस्थानांना दिलेली दाने आहेत, तर भूवराह नरसिंह मंदिर हे त्यानंतर काही शतकांनी आलेल्या गोव्याच्या कदंबांचे काम. दोन्ही कदंब एकच समजून लिहिण्याची चूक इथल्या बऱ्याच माहितीफलकांवर आहे, ती आपण करू नये असे त्याला बजावले. या प्रकरणात आमची नवी भर काहीच असणार नाही, तेव्हा ते आठ पानांत आटोपावे.

माझे लक्ष दुसरीकडे गुंतले आहे. १८८४ साली छापलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नंदगडचे वर्णन शेतीचे गाव म्हणून नव्हे, तर व्यापारपेठ म्हणून आले आहे. गोव्याकडून नारळ, सुपारी, खोबरे आणि मीठ घाट चढून इथे यायचे आणि देशावरचे धान्य इथून खाली जायचे. आज आमचे गाव म्हटले की डोळ्यांसमोर भाताचे गड्डे म्हणजे खाचरे, काजूची झाडे आणि अलीकडे वाढत चाललेला ऊस येतो; पेठ म्हणून उरला आहे तो आठवडी बाजार. मधल्या काळात काय घडले हा प्रश्न आमच्या आराखड्यात नाही, आणि मला तर पुस्तिकेचा खरा प्रश्न तोच दिसतो.

१४ जुलै

पाऊस लागून राहिला आहे. रोप लागवड चालू असल्याने मुलाखत द्यायला कुणाला सवड नाही आणि मागण्यात अर्थही नाही. विद्यार्थ्याच्या घरी चिखलणी आहे, त्यामुळे तो आठवडाभर येणार नाही. काम बंद.

४ ऑगस्ट

बाजारपेठेतल्या एका जुन्या व्यापारी घराण्याने माडीवरच्या पेटीतल्या वह्या पाहू दिल्या. घरच्या मंडळींनी नाव छापू नये अशी अट घातली आहे, ती मान्य केली. घर रस्त्यावरून अरुंद दिसते, पण आत पडवी, सोपा, माजघर, कोठार असे खोल खोल जात शेवटी परसात उघडते. परसाच्या भिंतीत ओळीने लोखंडी कड्या आहेत. आजच्या पिढीने तिथे कधी दोनापेक्षा जास्त जनावरे बांधलेली पाहिलेली नाहीत, पण कड्या चोवीस आहेत. कोठारात एक मोठी दगडी दोणी आहे. घरातल्या आजींनी सांगितले, “तिला आम्ही मिठाची दोण म्हणतो, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात भाताचा कोंडाच भरलेला बघितला.”

वह्या सहा होत्या. चार वाळवीने खाल्ल्या आहेत. उरलेल्या दोन सलग काळातल्या असून रोजमेळ, म्हणजे रोजचा जमाखर्च, मोडीत आहे. नारळ, सुपारी, खोबरे, मीठ, गूळ, तांदूळ, गहू, मिरची असे माल आणि गोणींची संख्या लिहिलेली असून माल वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांच्या नायकांना दिलेले भाडे वेगळ्या रकान्यात आहे. दर वाचायला अजून वेळ लागेल, पण गोवे हा शब्द पानोपानी आहे.

१८ ऑगस्ट

महत्त्वाचा शोध लागला असे वाटते. वहीतल्या ‘सन १२८९’ या वर्षाच्या मध्यावर मिठाची खरेदी एकाएकी थांबते. त्याआधी आठवड्याला दोन-तीनदा येणारे मीठ नंतर महिन्यातून एकदाही दिसत नाही. मराठी दप्तरातल्या सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो, त्या हिशेबाने हे वर्ष १८८८ येते. आणि १८८८ मध्येच मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत आलेली मीटर गेज रेल्वे सुरू झाली. लोंढ्याला ती सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली, लोहमार्ग खानापुरातून बेळगावला गेला आणि दहा-बारा किलोमीटरवरचे नंदगड बाजूला पडले. आगगाडी आली आणि बैलांचे तांडे संपले, ही गोष्ट इतकी सरळ बसते की मी आजच प्रकरणाचा कच्चा मसुदा लिहून काढला. शीर्षकही सुचले: ‘रूळ बाजूने गेले’.

१ सप्टेंबर

मसुदा वाचून विद्यार्थिनीने शंका काढली. रेल्वेने व्यापार नेला असेल तर मिठाबरोबर नारळ आणि सुपारीही जायला हवी होती. पण वहीत त्या मालाच्या नोंदी पुढची दोन वर्षे पूर्वीसारख्याच आहेत. मी उत्तर दिले की मीठ जड आणि स्वस्त, त्यामुळे रेल्वेचे भाडे त्याला आधी परवडले असेल. उत्तर देताना ते मला स्वतःलाच फारसे पटले नाही. तरीही मसुदा तसाच ठेवला.

१५ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत आलेल्या नातेवाइकांमुळे तीन मुलाखती एका दिवसात झाल्या. सगळ्यांत मोलाची होती ती ८६ वर्षांच्या एका बाईंची. त्यांचे माहेर गोव्याच्या हद्दीतले. १९५५ मध्ये गोवामुक्ती सत्याग्रहाच्या वेळी सरहद्द बंद झाली, कॅसलरॉकपुढची आगगाडी थांबली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत त्यांना माहेरी जाता आले नाही. “सहा वर्सं आईचं तोंड बघितलं नाही. निरोप यायचा, तोही लपून,” असे त्या म्हणाल्या. लग्नात आलेली कोकमाची आणि सुक्या मासळीची गाठोडी हे माहेराहून आलेले शेवटचे सामान होते. नारळ तेव्हा कुठून यायचे असे विचारल्यावर त्या हसल्या. “कारवारकडून. पण ते गोड लागत नव्हते.”

मुलाखत लिहून काढताना एक गोष्ट ध्यानात आली. या गावाच्या वाटेवर कुणी दुसऱ्याने दोर ओढला की इथली घडी बदलते, आणि तो दोर ओढणारे नंदगडचे नाव ऐकलेलेही नसतात.

२९ सप्टेंबर

जमिनीच्या कागदांसाठी एका कचेरीत तिसऱ्यांदा गेलो. पहिल्यांदा अर्ज चुकीच्या नमुन्यात होता, दुसऱ्यांदा संबंधित कारकून रजेवर होते, आज जुनी दप्तरे ‘खालच्या खोलीत’ असून खोलीची किल्ली वरिष्ठांकडे असल्याचे कळले. चहा मात्र तिन्ही वेळा मिळाला. शेवटी गावातल्याच चार शेतकऱ्यांनी घरातले उतारे आणि लवादाचे आदेश दाखवले, त्यावरून काम पुढे सरकले.

त्यातून जे हाती आले ते मला पूर्वी सुटे सुटे माहीत होते, पण एकत्र कधी पाहिले नव्हते. मुंबई राज्याच्या कूळ कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे त्याच्या अवघे पाच महिने आधी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेपलीकडे कागल तालुक्यातल्या कुळाला कृषक दिनाचा लाभ मिळाला. इकडच्या कुळाला कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यात १९७४ मध्ये झालेल्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर फॉर्म नंबर सात भरून लवादापुढे उभे राहायचे आणि आपणच जमीन कसत होतो हे सिद्ध करायचे. एका शेतकऱ्याकडे तो फॉर्म अजून जपून ठेवलेला आहे. त्यांनी तो देव्हाऱ्याखालच्या खणातून काढला.

सीमाप्रश्नावर आम्ही भाषणे पुष्कळ ऐकली आहेत आणि मी स्वतःही केली आहेत. त्यात भाषेचा, पाट्यांचा, शाळांचा उल्लेख असतो, आणि तो रास्त आहे. पण सतरा वर्षे उशिरा मिळालेल्या जमिनीचा उल्लेख मी एकाही भाषणात ऐकलेला नाही. हे प्रकरणात जाणारच.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. हलसीचे प्रकरण पूर्ण झाले. विद्यार्थ्याने आठ पानांची बारा केली आहेत. दोन पाने कापली, तो नाराज आहे.

१ नोव्हेंबर

यंदा लक्ष्मीपूजन आणि काळा दिन एकाच तारखेला आले. एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, बेळगावात मराठी भाषकांचा निषेध आणि इथे प्रत्येक दुकानात वहीपूजन. बाजारपेठेतल्या त्या घरी पूजेचे आमंत्रण होते म्हणून संध्याकाळी गेलो. पाटावर यंदाच्या कोऱ्या वहीशेजारी त्यांनी पेटीतली ती जुनी वहीही मांडली होती. आजी म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही इतके दिवस तिच्यामागे लागलाय, म्हटलं तिलाही हळद-कुंकू लावूया.”

कुंकू लावण्यासाठी त्यांनी वहीतले जुन्या वहीपूजनाचे पान उघडले. व्यापारी नव्या वर्षाचा आरंभ त्या दिवशी करतो, म्हणून तिथे मिती पूर्ण लिहिण्याची पद्धत असते. पानावर स्वस्तिकाखाली शके १८०१, प्रमाथी नाम संवत्सर, आश्विन वद्य अमावास्या असे होते आणि त्याच ओळीत सन १२८९. शके १८०१ मध्ये ७८ मिळवले की १८७९ येते. मी रोजमेळाची पाने चाळत बसलो होतो आणि वर्षाच्या पहिल्या पानाकडे ते नुसते सजावटीचे म्हणून दुर्लक्ष केले होते.

चूक माझी आणि ढोबळ होती. इंग्रजी अमलातल्या वहीत जो सन आहे तो सुहूर नव्हे, फसली, म्हणजे महसुली सन. त्यात ५९९ नव्हे, ५९० मिळवायचे असतात. नऊ वर्षांच्या फरकाने माझी रेल्वे बरोबर जुळून आली होती, आणि ती इतकी छान जुळली म्हणूनच मी पुन्हा तपासले नाही. पस्तीस वर्षे मुलांना ताळा करून बघायला सांगणाऱ्या माणसाने हे करावे, याची नोंद राहू दे.

३ नोव्हेंबर

वर्ष बदलल्यावर कारणही बदलले. मीठ थांबले ते १८७९-८० च्या मध्यावर, नेमके पौषाच्या सुमाराला. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला झालेला करार १५ जानेवारी १८८० पासून अमलात आला. हा करार मी सप्टेंबरातच वाचला होता, पण त्यातले रेल्वेचे आणि बंदराचे कलम तेवढे टिपून घेतले होते, कारण मी रेल्वेच शोधत होतो. त्याच करारात दोन्ही हद्दींमधली जकात उठवली गेली आणि त्या बदल्यात गोव्यातल्या मिठागरांचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले. पोर्तुगीज सरकारला त्यासाठी वर्षाला चार लाख रुपये मिळायचे होते. इंग्रजी मुलखात मिठावर भारी कर होता. गोव्याचे स्वस्त मीठ घाटावर येत राहिले असते तर तो कर बुडाला असता, म्हणून मिठागरांवरच पहारा बसला. करार बारा वर्षांनी, जानेवारी १८९२ मध्ये संपला, पण तोवर आगगाडी धावू लागलेली होती.

म्हणजे विद्यार्थिनीची शंका बरोबर होती. नारळ-सुपारीला करारातून उलट जकातमाफी मिळाली, म्हणून त्यांच्या नोंदी चालू राहिल्या. थांबले ते फक्त मीठ. नंदगडच्या पेठेवर पहिला घाव मिठाचा आणि दुसरा रुळांचा. मिठाचा घाव करार लागू होताच पडला आणि रुळांच्या घावाला आठ वर्षे लागली, पण दोन्ही एकाच कागदावर, एकाच दिवशी, लिस्बनमध्ये लिहिले गेले होते. जुने शीर्षक खोडले. फोन करून तिला हे सांगितले तेव्हा ती भात कापणीवर होती. “बरं झालं गुरुजी, मला वाटलं मीच चुकते,” एवढेच म्हणाली.

२४ नोव्हेंबर

सुगी संपत आली. कापणी झालेल्या गड्ड्यांत ओल आहे तोवर मसूर टाकून घेण्याची घाई चालली आहे. मुलाखती खळ्यावर बसून घेतल्या. मळणी यंत्राच्या आवाजात ध्वनिमुद्रणातले निम्मे वाया गेले, त्यामुळे हाताने लिहून काढले. दोन वेगवेगळ्या घरांतून एकच गोष्ट आली: पणजोबा तांड्यांच्या मालाची अडत करायचे, पुढे अडत बसली तेव्हा साठवलेल्या पैशातून त्यांनी जमीन घेतली आणि घर शेतकरी झाले. व्यापाऱ्याने जमीन घेतली की ती कसायला कूळ लागते, आणि त्या कुळांचाच फॉर्म नंबर सात मी सप्टेंबरात पाहिला होता. मिठाचे प्रकरण आणि जमिनीचे प्रकरण मी दोन वेगळी मानत होतो. ती आता एकापुढे एक लागली.

१५ डिसेंबर

मंडळाची बैठक वादळी झाली. मसुद्यात पहिले प्रकरण पेठेचे, दुसरे रायण्णांचे, मग जमीन, सरहद्द आणि हलसी शेवटी असा क्रम मी लावला होता. काही सभासदांना रायण्णा पहिल्या पानावर हवे होते, काहींना सीमालढा. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात जी २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस होती त्यांत खानापूर आणि निपाणीबरोबर नंदगडही होते, हे ठळक अक्षरांत यावे असा आग्रह एका ज्येष्ठ सभासदांनी धरला. अहवाल आम्हाला मान्य झाला नाही, कर्नाटकाने मात्र तो उचलून धरला, आणि २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा नुसत्या शिफारशीला ठळक अक्षरे देणे मला योग्य वाटत नाही. ती नोंद साध्या अक्षरांत, तारखेसह येईल. रायण्णांच्या बाबतीत मात्र मी माघार घेतली. त्यांचे प्रकरण पहिले राहील, पण ते ‘फाशी नंदगडला का?’ या प्रश्नाने सुरू होईल आणि वाचक तिथून थेट पेठेत शिरेल. हा तोडगा विद्यार्थिनीचा.

१२ जानेवारी २०२५

मजकूर टंकलेखनाला दिला. दगडी दोणीचे छायाचित्र काढायला विद्यार्थ्याला पाठवले. त्याने कोंडा काढून, दोणी धुऊन, उन्हात ठेवून फोटो काढला. आतल्या बाजूचा दगड खालपर्यंत खडबडीत, खाल्ल्यासारखा झाला आहे आणि वरची चार बोटे मात्र गुळगुळीत आहेत. त्या रेघेपर्यंत मीठ भरत असावेत. फोटोखालच्या ओळीत ‘असावेत’ हा शब्द ठेवला आहे.

२६ जानेवारी

समाधीस्थळी आज मोठी गर्दी होती. परत येताना जुनी वही मालकांच्या घरी पोहोचवली. दोन्ही वह्यांची पानन् पान छायाचित्रे घेतली असून त्यांची एक प्रत वाचनालयात राहील. आजींनी वही लाल फडक्यात बांधली, कडुनिंबाचा पाला घातला आणि ती माडीवरच्या पेटीत न ठेवता खालच्या कपाटात ठेवली. मग दोणी पुन्हा कोंड्याने भरायची का, असे त्यांनी मला विचारले. भरा म्हणालो, म्हशीला रोज लागतो.